पिवळ्याखाली

शमशादबाईंनी दोन महिन्यांत अकरा चित्रं नापास केली होती. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या बाईच्या हातातून लाल पेन्सिल सुटली तरी नजरेतून सुटत नाही.

चित्र हवं होतं ते मिरजेतल्या नव्या फ्लॅटच्या हॉलसाठी. भिंत मोठी, पांढरी आणि रिकामी. सून निलोफर म्हणाली होती, "अम्मी, तुम्हीच निवडा. घरात चित्रातलं कळणारं दुसरं आहे कोण?" आणि मग ती चांगलीच पस्तावली. कारण 'रंगहाट' नावाच्या त्या ऑनलाइन दालनात चार लाख चित्रं होती आणि सासूबाईंना घाई अजिबात नव्हती.

रंगहाटची रीत साडीच्या दुकानासारखी होती. आवडलं तर घरी न्या, आठ दिवस बघा, मग ठरवा. फक्त खरं चित्र घरी येत नसे. भिंतीवर भिंतपट नावाचं पातळ कापड चिकटवलेलं असे, त्यावर चित्र खऱ्या मापात आणि खऱ्या रंगात उमटे. रंगाचे उंचवटेसुद्धा उमटत. खिडकीतून ऊन सरकलं की कुंचल्याच्या फटकाऱ्यांच्या सावल्याही सरकत. शेजारच्या बेडगेवहिनींनी एकदा बोट लावून पाहिलं आणि रंग लागला असेल म्हणून ते पदराला पुसलं होतं.

पण शमशादबाईंचा जीव भिंतपटापेक्षा थरपट्टीवर जास्त होता. विक्रीला आलेल्या प्रत्येक चित्रातून रंगहाटचे लोक एक प्रकारच्या लहरी सोडत. सोनोग्राफीत पोटातलं बाळ दिसतं, तसे या लहरींना रंगाचे एकाखालचे एक थर दिसत, आणि कापडाला ओरखडासुद्धा येत नसे. ग्राहकाला चित्राच्या खाली एक पट्टी दिसे. तिच्यावर बोट डावीकडे सरकवलं की चित्र उलटं उलगडत जाई. शेवटी मारलेला हात आधी निघे, मग त्याच्या आधीचा, असं करत पेन्सिलीच्या रेघा आणि अखेर कोरं कापड. चित्र अस्सल आहे की छापील, एवढंच लोकांना त्यातून हवं असे. शमशादबाई मात्र पेपर तपासायला बसत.

"हा बघ, आकाश शेवटी रंगवलंय यानं, फांद्यांच्या मधनं मधनं. सातवीतल्या पोरांचे मी याला मार्क कापायची."

"अम्मी, साडेतीन लाखांचं चित्र आहे ते."

"मग साडेतीन लाखांचे मार्क कापले."

दुसऱ्या एका चित्राखाली तर चक्क छापलेला फोटो निघाला. वरून कीर्तन, आतून तमाशा, असं म्हणून शमशादबाईंनी ते दोन मिनिटांत उतरवलं. निलोफर एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करायची, तिला दिवसभर काचपट्ट्या बघून पुरे झालेलं असायचं. ती म्हणाली, "आता बारावं मी निवडणार नाही. दालनालाच विचारते, या बाईंना काय आवडेल म्हणून." अकरा नापास चित्रांवरून दालनाला सासूबाईंचा स्वभाव बऱ्यापैकी कळला असावा. त्यानं क्षणभर विचार केला आणि एकच चित्र भिंतीवर पाठवलं.

सगळी भिंत पिवळी झाली. त्यात माणूस नाही, झाड नाही, आकार म्हणावा असा काहीच नाही. नुसतं पिवळं, कुठे हळदीसारखं, कुठे उसाच्या वाळल्या पाल्यासारखं, आणि सगळ्याच्या मागून कुठून तरी उजेड येत असलेला. निलोफर हातातला कप तसाच धरून उभी राहिली. "अम्मी," ती म्हणाली, "हेच. याला नाही म्हणू नका."

शमशादबाई नाही म्हणाल्या नाहीत. त्या खुर्चीत बसल्या. चित्राखाली नाव होतं: 'पिवळं', तैलरंग, चित्रकार जयमाला सरनोबत, कोल्हापूर.

"ओळखीच्या आहेत?" निलोफरनं विचारलं.

"होती," शमशादबाई म्हणाल्या.

पंचावन्न वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या एका कलाशाळेत दोघी शिकत होत्या. वसतिगृहात एक खोली, एक स्टोव्ह आणि रंगाच्या ट्यूबही भागीत. शेवटच्या वर्षी शमशादच्या अब्बांना लकवा झाला. अब्बा मिरजेत सतारी बनवायचे. शमशाद पत्र्याची ट्रंक घेऊन त्याच दिवशी निघाली आणि परत गेलीच नाही. चार महिन्यांनी अब्बा वारले. मागे कलाशाळेच्या माळ्यावर तिचं एक चित्र राहिलं होतं: अब्बांचं दुकान, आढ्याला टांगलेले सतारीचे वाळके भोपळे आणि त्यांच्याखाली मान वाकवून कामाला बसलेले अब्बा. अब्बांचे फोटो म्हणाल तर दोनच होते. एक लग्नातला, टोपी घालून ताठ, आणि दुसरा रेशनकार्डासाठी काढलेला. कामाला बसलेले अब्बा फक्त त्या चित्रात होते.

आता त्या माळ्याची एक रीत होती. कॅनव्हास महाग, पोरं गरीब. वर्ष संपताना ज्या चित्राच्या पाठीवर नाव नसेल ते बेवारस. त्याला पांढऱ्या रंगाचा हात मारायचा आणि ज्याला पाहिजे त्यानं वर नवं चित्र काढायचं. चित्र पुरं झाल्याशिवाय नाव घालायचं नाही, असा शमशादचा बाणा होता. त्यामुळे पाठ कोरी होती. तिनं मिरजेहून जयमालाला पत्र टाकलं, माझं चित्र एसटीनं पाठव म्हणून. उत्तर महिन्यानं आलं. 'माळ्यावर तुझं चित्र नाही. शोधलं.' बाकी ख्यालीखुशालीचा एक शब्द नाही.

शमशादनं त्यानंतर पोरांना हजारो चित्रं काढायला शिकवली. स्वतः एकही काढलं नाही.

निलोफरला एवढं सगळं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आत्ताही नाही सांगितलं. त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि सवयीनं थरपट्टीवर बोट ठेवलं. "बघू तरी, बाईसाहेबांनी काय काय लपवलंय," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडी खुन्नस होती हे खरं.

पिवळं उलगडायला लागलं. पातळ थरावर पातळ थर होता, वीस तरी असतील. एकेक निघत गेला तसा उजेड मंद होत गेला. शेवटचा पिवळा हात निघाला आणि भिंतीवर भोपळे दिसले.

आढ्याला टांगलेले भोपळे. उजवीकडे अर्धवट कोरलेला दांडा. खाली वाकलेला खांदा, कानस धरलेला हात, आणि कानाजवळची ती ओळखीची पांढरी बट.

"अब्बा," शमशादबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दोन्ही तळवे भिंतीवर टेकले. निलोफरनं धावत येऊन त्यांना धरलं. घाबरून तिनं आधी नाडीच बघितली.

पाणी प्यायल्यावर त्यांनी पुन्हा वर बघितलं आणि तेव्हा दुसरा धक्का बसला. चेहऱ्यात डोळे नव्हते. भुवया होत्या, नाक होतं, ओठ घट्ट मिटलेले होते. डोळ्यांच्या जागी नुसते दोन फिकट डाग. पंचावन्न वर्षं शमशादबाईंच्या मनात ते चित्र पुरं होतं. डोळे शेवटी काढायचे म्हणून ठेवले होते आणि मधेच अब्बांच्या आजारपणाची तार आली, हे त्या साफ विसरून गेल्या होत्या.

रडू ओसरल्यावर राग आला, आणि तो चांगला दणदणीत आला. "चोरटी! माझं चित्र घेतलं, वरून रंग फासला आणि मला पत्र लिहिलं, शोधलं म्हणून! आणि त्यावर मोठी झाली!" निलोफरला त्यांच्या तोंडून असले शब्द ऐकायची सवय नव्हती. तिनं मुकाट्यानं रंगहाटला फोन लावला.

भिंतपटावर ऋता पटवर्धन नावाची बाई दिसू लागली. पुण्याच्या कार्यालयात ती थरांचं काम बघायची. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चित्राखाली चित्र निघणं तिला नवं नव्हतं. "विकणारे मुंबईच्या एका गिरणीमालकाचे पणतू आहेत," ती म्हणाली. "त्यांना यातलं काही ठाऊक नाही. आणखी एका गिऱ्हाइकानं विचारलंय, पण आठ दिवस पहिला हक्क तुमचा. तुम्ही घेतलंत आणि खालचं चित्र मोकळं करायचं असेल, तर आम्ही थरसोड करतो. मधला थर विरघळवायचा आणि वरचा अलगद उचलायचा. एरवी मध्ये पांढरा रंग असतो, तो विरघळत नाही, म्हणून जमत नाही. तुमच्या चित्रात मात्र पांढरा रंग नाहीच. मध्ये लाख आहे."

"काय आहे?"

"लाख. चपडा लाख, स्पिरिटमध्ये पातळ केलेली. दोन हात, अगदी एकसारखे. चित्रकार हे कशाला वापरतील, आम्हालाही कोडं पडलंय."

शमशादबाईंना कोडं पडलं नाही. मिरजेच्या सतारमेकरांच्या घरात जन्मलेल्या माणसाला चपड्याचं पॉलिश सांगावं लागत नाही. सतारीला चमक येते ती त्यानंच. वसतिगृहात त्यांच्या कपाटात त्याची एक बाटली असायची, चित्रांच्या चौकटींना लावायला. जाताना ती तिथेच राहिली. चित्र पुसायचंच असेल तर पांढरा डबा माळ्यावर फुकट होता. दुसऱ्याची बाटली शोधून, कापडाची पुरचुंडी करून, एकसारखे दोन हात कोण देत बसेल?

"एक मात्र सांगते," ऋता म्हणाली. "जुनी लाख हट्टी असते. खालचं चित्र शंभरात ऐंशी वेळा सुखरूप निघेल. वरचं निघणार नाही. ते इतकं पातळ आहे की त्याचा भुगा होईल. म्हणून कायद्यानं वरच्या थराच्या चित्रकाराची संमती लागते, हयात असल्यास. जयमालाबाई हयात आहेत."

"आहे," शमशादबाई म्हणाल्या. "तिची सही मी आणते."

कोल्हापूर तासाभराच्या अंतरावर. निलोफर येते म्हणाली, त्यांनी तिला येऊ दिलं नाही. राजारामपुरीतल्या एका जुन्या बंगलीचं दार जयमालाबाईंनी स्वतःच उघडलं. केस पांढरे, कानात यंत्र, अंगातल्या झब्ब्यावर रंगाचे डाग. पंचावन्न वर्षांनी मैत्रिणीला बघून त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं:

"चप्पल आत घेऊन ये. कुत्रं पळवतंय."

शमशादबाईंनी चप्पल आत घेतली. "तुझं पिवळं बघितलं," त्या म्हणाल्या. "खालचंही बघितलं."

जयमालाबाईंनी नाही म्हटलं नाही की काय ते विचारलं नाही. "मशीननं दाखवलं व्हय? बरं झालं. मी मेल्यावर दिसलं असतं तर शिव्या वाया गेल्या असत्या. आता तोंडावर घाल."

"शोधलं म्हणून लिहिलंस, जयू! मला वाटलं, माझ्या बापावर पांढरा रंग फिरला. त्या एका ओळीवर मी कुंचला कायमचा खाली ठेवला, ठाऊक आहे तुला?"

"नव्हतं ठाऊक. आता कळलं." त्या खुर्चीत बसल्या. कोल्हापुरात बायकाही मी आलो, मी गेलो म्हणतात. जयमालाबाई देशोदेशी प्रदर्शनं करून आल्या तरी ते सुटलं नव्हतं. "ऐक. सरांनी परीक्षेआधी माळा रिकामा करायला लावला. तुझं नाव पटावरनं काढलेलं, त्यामुळं पाठीवर लिहिलं असतं तरी उपयोग नव्हता. पोरं पांढरा डबा घेऊन वर चढली. मी पळत गेलो, तुझं चित्र उचललो आणि म्हटलो, हे माझं परीक्षेचं. तुझी लाखेची बाटली होती कपाटात. तूच सांगायचीस, स्पिरिटनं निघते म्हणून. दोन हात दिले, वर पिवळं मारलं. परीक्षा झाली की धुऊन तुला देणार होतो. देवाशप्पथ देणार होतो."

"मग?"

"मग सरांनी ते पिवळं बघितलं." जयमालाबाईंनी झब्ब्यावरचा एक डाग नखानं खरवडला. "प्रदर्शनाला पाठवलं. पहिलं बक्षीस, आणि त्याच दिवशी विकलं गेलं. मला उठून सांगता आलं असतं, हे विकायचं नाही म्हणून. तोंड होतं मला. पण बक्षीस पायजे होतं गं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी जयमाला सरनोबत म्हणून हाक मारली होती. तुझं पत्र आलं तेव्हा चित्र मुंबईला गेलेलं. काय लिहिणार? तुझा बाप विकला म्हणून?"

शमशादबाईंना वाटलं होतं, खरं ऐकल्यावर राग तरी निवेल नाहीतर भडकेल तरी. दोन्ही झालं नाही. समोरच्या बाईनं चित्र वाचवलं होतं आणि समोरच्याच बाईनं घालवलं होतं. या दोघींपैकी कुणाशी भांडायचं ते त्यांना समजेना.

"आणखी एक गंमत सांगू?" जयमालाबाई म्हणाल्या. "लोक म्हणतात, त्या पिवळ्यातनं उजेड येतो. येतो खराच. पण तो माझा नाही. तुझ्या भोपळ्यांचा तांबूस रंग लाखेतनं वर येतो, म्हणून. पुढं मी दीडशे पिवळी केली, कोऱ्या कापडावर. एकातनंही तसा उजेड आला नाही. आण तो हातातला कागद. कुठं सही करायची?"

शमशादबाईंनी कागद पुढे केला आणि पुण्याच्या ऋतानं सांगितलेलं सगळं सांगितलं, पिवळ्याचा भुगा होईल हेही आणि सही वर्षभर चालते हेही. जयमालाबाईंनी पेन उघडलं, आणि तसंच धरून ठेवलं.

"डोळे राहिलेत ना त्याचे?"

"राहिलेत."

"मला ठाऊक आहे. लाख लावताना दोन दिवस त्या बिनडोळ्याच्या तोंडाकडं बघत होतो. तू ते मोकळं करून तसंच भिंतीवर लावणार?"

"माझ्या हातात आता काही राहिलं नाही, जयू."

"पोरांना शिकवलंस की चाळीस वर्षं."

"शिकवणं वेगळं."

"मग शिक पुन्हा." जयमालाबाईंनी खणकन सही ठोकली आणि खाली तारीख घातली. "ही सही वर्षभर चालते, बरोबर? वर्षात तू ते डोळे कागदावर काढून दाखव. दर गुरुवारी इथं ये. जमले की बोलव तुझ्या पुण्याच्या बाईला, माझ्या पिवळ्याचा भुगा झाला तरी चालेल. नाही जमले, तर राहू देत अब्बांना माझ्या पिवळ्याखाली. पंचावन्न वर्षं तिथं सुखरूप आहेत ते."

"आणि जमले तर तुझं सगळ्यात चांगलं चित्र जाईल."

"जाईल. मला काय हिशोब कळत नाही व्हय?"

शमशादबाईंनी चित्र घेतलं. निवृत्तीचा निम्मा फंड त्यात गेला आणि मुलानं दोन दिवस अबोला धरला. पण खोक्यातून खरं चित्र निघून भिंतीवर चढलं तेव्हा तोही समोर बसून राहिला. भिंतपटावर जे दिसलं होतं त्याहून ते खोल होतं. सकाळी अकराच्या उन्हात तर सगळा हॉल उजळायचा. बेडगेवहिनी रोज काही ना काही निमित्त काढून येऊन बघून जायच्या. निलोफरनं एकदा भीत भीत विचारलं, "अम्मी, हे खरंच जाणार?" शमशादबाई म्हणाल्या, "माझा बाप आहे त्याच्याखाली."

दर गुरुवारी त्या कोल्हापूरला जाऊ लागल्या. पहिले दोन महिने नुसत्या रेघा वाकड्या येत. फळ्यावर खडूनं काढायची सवय झालेला हात बारीक कामाला तयारच होईना. जयमालाबाई मागे उभ्या राहून तोंड सोडत. "काय करालीस? डोळा काढतेस की वांगं?" शमशादबाईही काही कमी नव्हत्या. "तू आयुष्यभर पिवळा रंग फासलास, तुला डोळा ठाऊक तरी आहे का?" एकदा दोघी इतक्या भांडल्या की पुढचे दोन गुरुवार वाया गेले. तिसऱ्या गुरुवारी शमशादबाई डबा घेऊन गेल्या आणि भांडण कशावरून होतं ते कुणालाच आठवेना.

हात वळला, तरी डोळे येईनात. चित्रातले अब्बा जवारी काढत होते. म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या सतारीच्या घोडीवरून कानस फिरवायची, तार छेडायची, कान देऊन ऐकायचं, पुन्हा कानस फिरवायची, सूर मोकळा होईपर्यंत. हे शमशादबाईंना पाठ होतं. पण ऐकताना अब्बांचे डोळे कसे असायचे? उघडे काढले तर अब्बा गिऱ्हाइकाशी बोलत असल्यासारखे दिसत. मिटलेले काढले तर झोपल्यासारखे. सतारमेकरांच्या गल्लीत जाऊन त्या कारागिरांसमोर बसल्या, पण समोर म्हातारी वही घेऊन बसलीय म्हटल्यावर जो तो तिच्याकडेच बघायचा. निलोफरनं सुचवलं, "अम्मी, दालनाला सांगितलं तर ते यंत्र अंदाजानं डोळे भरून देईल." शमशादबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. कागद मात्र संपत होते. दहा महिने गेले, साडेदहा गेले, अकरा गेले.

सहीची मुदत संपायला दोन गुरुवार उरले होते. जयमालाबाईंनी कुकरमध्ये डाळ शिजत टाकली होती आणि कानातलं यंत्र चार्जिंगला लावलं होतं. यंत्राशिवाय त्यांना शिटी जेमतेम ऐकू येई. म्हणून त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या, मान एका बाजूला कलती करून, बोटावर शिट्ट्या मोजत.

"एक झाली ना गं?" त्यांनी विचारलं. शमशादबाई त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होत्या.

जयमालाबाईंचे डोळे उघडे होते, पण ते कशाकडेही बघत नव्हते. पापण्या अर्ध्या उतरलेल्या, बुबुळं किंचित खाली, एका कोपऱ्यात येऊन थांबलेली. सगळी नजर कानात जाऊन बसली होती. हे डोळे शमशादबाईंनी लहानपणी रोज बघितले होते. शाळेतून आल्यावर दुकानाच्या उंबऱ्यावर उभं राहायचं आणि अब्बांना हाक मारायची नाही, सूर लागेपर्यंत थांबायचं, कारण ते डोळे असे असताना त्यांना पोरगी दिसत नसे.

त्यांनी पेन्सिल उचलली. दुसरी शिटी झाली, तिसरी झाली, चौथीला जयमालाबाईंनी गॅस बंद केला आणि हात पुसत मागे वळल्या. शमशादबाईंची पेन्सिल थांबली होती आणि गालावरून पाणी वाहत होतं.

जयमालाबाईंनी कागद उचलला, हात लांब करून धरला. आपलेच डोळे आहेत हे त्यांना ओळखू आलं नाही. अब्बांना त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाच बघितलं होतं, वसतिगृहाच्या फाटकाशी. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी कानातलं यंत्र घातलं, उत्तर नीट ऐकू यावं म्हणून.

"हेच ना गं?"

शमशादबाईंनी मान हलवली. पण मोबाईल जवळ होता तरी त्यांनी तो उचलला नाही. मिरजेच्या भिंतीवरचं अकराचं ऊन त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. समोर ते पिवळं काढणारी उभी होती, जिनं अकरा महिने दर गुरुवारी त्यांच्या चुका काढून काढून त्यांना इथवर आणलं होतं.

"मग लाव की फोन त्या पुण्याच्या बाईला," जयमालाबाई म्हणाल्या. "का आता माझ्या पिवळ्याची कीव यायला लागली तुला?"